मागच्या सीटचं माप

कुठल्याही लिफ्टमध्ये शिरलं की विश्वासकाका आधी पंजा आतल्या पत्र्याला टेकवतात. मग पाटी वाचतात. किती माणसं, किती किलो. बटण एकदाच दाबतात. दुसऱ्यांदा दाबणाऱ्याकडे नुसतं बघतात.

खुर्चीत बसण्याआधी ती हलवून पाहतात. बसले तरी पाठ टेकत नाहीत.

लाल सिग्नलला गाडी बंद करतात आणि समोरचे आकडे ओठांतल्या ओठांत उलटे मोजतात.

शर्टाच्या खिशात पेन नसतं, टेस्टर असतो. चहा पुढ्यात आला की विसरतात आणि गार झाला की एका घोटात संपवतात. कुणी ‘कसं काय’ विचारलं तर ‘चालू हाय’ म्हणतात. स्वतःबद्दलही आणि लिफ्टबद्दलही.

चारचौघांत बायकोला नावाने हाक मारत नाहीत. घसा खाकरतात. सुलोचनाकाकूंना तो आवाज बाजारातल्या गर्दीतही ओळखू येतो.

शेजारी राहून स्वरालीला हे सगळं पाठ झालं होतं. ती साताऱ्याची. मराठी घेऊन एम.ए. झालेली. चौतीस सेक्टरमधल्या एका कोचिंग क्लासची माहितीपत्रकं लिहायची आणि चंदीगडबाहेर, खरडला, एका सहामजली इमारतीत भाड्याने राहायची. राहायला आली त्याच्या तिसऱ्या दिवशी ती इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकली. आधी तिने हिंदीत आरडाओरडा केला. दहा मिनिटांनी हिंदी संपलं आणि तोंडातून ‘अगं आई गं’ निघालं. तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, “कोन्या गावची व तू?”

ते विश्वासकाका. मूळचे अचलपूरचे. लिफ्टच्या कंपनीत तंत्रज्ञ. बावीस वर्षांपूर्वी कंपनीने सहा महिन्यांसाठी म्हणून चंदीगडला पाठवलं, ते इथलेच झाले. त्यांनी दार हाताने सरकवलं, तिला वर ओढून घेतलं आणि घरी नेलं. काकूंनी पाणी दिलं, मग पोहे दिले, मग म्हणाल्या, “एकटी राह्यते का? मंग जेवाले इथंच येत जा.” त्या दिवसापासून स्वरालीचं एक ताट तिथे ठरून गेलं.

दोन वर्षं अशी गेली. मग जानेवारीत काकूंना कर्करोग निघाला. पोटाच्या खालच्या भागात. डॉक्टरांनी पंचवीस वेळा किरण द्यायचे ठरवले. सोमवार ते शुक्रवार, रोज, बत्तीस सेक्टरच्या सरकारी रुग्णालयात. मध्ये खंड पाडू नका, एवढंच ते बजावून सांगत होते. किरण द्यायला दहा मिनिटंही लागत नसत. प्रश्न तिथवर जाण्याचा आणि तिथून येण्याचा होता.

पहिल्या दिवशी टॅक्सी केली. बंद काचा, आतला सुगंधी डबीचा वास. वाटेतल्या बलौंगीच्या आधीच काकूंना उलटी झाली. दुसऱ्या दिवशी काचा उघड्या ठेवल्या, तरी झाली. तिसऱ्या दिवशी रिक्षा केली. खड्ड्याखड्ड्याला काकू दांड्याला धरून अर्ध्या उभ्या राहत होत्या. कॅनडातून अक्षरा, त्यांची मुलगी, फोनवर हिंदीत सांगत होती, “पापा, बडी गाडी बुलाओ ना. एसी वाली.” काका म्हणाले, “बेटा, मोठ्या गाडीलेही काचा असतातच.”

चौथ्या दिवशी काकूंनीच मोटारसायकल काढायला सांगितली. मोकळा वारा लागला की उलटी होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या सलवार-कमीज घालायच्या, दोन्हीकडे पाय टाकून बसायच्या, काकांच्या पाठीला डोकं टेकायच्या आणि डोळे मिटायच्या. सतरा-अठरा किलोमीटर. असे बारा दिवस गेले. उलटी थांबली. पण किरणांनी आतून सगळं हुळहुळं झालं होतं, आणि गाडीची सीट बारा वर्षं जुनी होती. मागचा भाग पुढे उतरता, कडेला चिरलेला. आत फोम उरला होता की नुसता त्याचा भुगा, कुणास ठाऊक.

पंधरावी खेप शुक्रवारी झाली. त्या संध्याकाळी काकू ओट्याशी उभ्या होत्या. स्वराली पोळ्या लाटत होती. काका दाराजवळच्या नळावर डबा धूत होते.

काकू म्हणाल्या, “सोमवारपासून मी येत नाई.”

काकांनी नळ बंद केला.

“दहा राह्यले फक्त,” ते म्हणाले.

“तुम्ही मोजा. मले बसनं होत नाई. किरणाचं काई नाई वाटत, अवो. निजून राह्यचं, आवाज येते, झालं. पण थे जानं-येनं. घरी आली की दोन घंटे मले पालथं पडून राहा लागते. मंग रात होते. मंग पुन्हा सकाळ.”

“डॉक्टरनं सांगितलं ना, खंड नाई पाडाचा.”

“डॉक्टरले बसवा तुमच्या गाडीवर.”

स्वरालीला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. काकू हसल्या नव्हत्या. काका डब्याचं झाकण पुसत राहिले. कोरडं झाल्यावरही पुसत राहिले.

“सीट बदलू,” ते शेवटी म्हणाले. “उद्या शनिवार हाय. सोमवारी तू नव्या सीटवर बसशील. नाई जमलं तर नको येऊ. मी एक शब्द बोलनार नाई.”

काकूंनी मान हलवली. ती होकाराची होती की दमलेली होती, ते कळलं नाही.

शनिवारी सकाळी काका स्वरालीच्या दारात आले. हातात हेल्मेट.

“चाल. तुले बसा लागते.”

“कुठे?”

“सीटवर. काकूले मार्केटभर फिरवता येत नाई. तू मागं बस आनि सांग, टोचते का नाई. तुमच्या शिक्षणात बारकाईनं वाचा लागते ना? तसं बारकाईनं बस.”

अडतीस सेक्टरच्या मोटर मार्केटमध्ये सीटवाल्यांची एक ओळच आहे. पुढे रेक्झिनचे गुंडाळे उभे, मागे शिलाईची यंत्रं, फुटपाथवर ग्राहकांच्या सीट काढलेल्या गाड्या. स्वराली त्या दिवशी नऊ सीटवर बसली. पहिली जेलची होती, मऊ, बसताक्षणी बरं वाटणारी. काकांनी तिला पाच मिनिटं तिच्यावरच बसवून ठेवलं. पाचव्या मिनिटाला खालचा कडक पाया लागायला लागला. “पाह्यलं? दुकानात मऊ लागते थे रस्त्यात मऊ राह्यत नाई,” काका म्हणाले. दुसरी इतकी रुंद की मांड्या ताणल्या गेल्या. तिसऱ्या सीटचा मागचा भाग उंच, बसलेली बाई ब्रेक लागला की पुढच्यावर आदळेल अशी. चौथ्या सीटवर मध्येच शिवण. काका प्रत्येक सीट उलटी करून पाहत होते, अंगठा दाबत होते, उठून पुढच्या दुकानात जात होते. दुकानदार कंटाळले. एकाने विचारलं, “भाईसाब, लडकी ससुराल जा रही है क्या इसी पे?”

शेवटच्या दुकानात गुरमेल सिंग भेटले. साठीचे, नाकावर चष्मा, दाढीला फोमचे कण लागलेले. त्यांनी तयार सीट दाखवलीच नाही. काकांचीच जुनी सीट काढून घेतली, टाचण्या उपसल्या, रेक्झिन सोललं. आतला फोम पिवळा पडून पावाच्या चुऱ्यासारखा झाला होता.

“पाजी, एह ते मर चुकी,” ते म्हणाले. “नवा फोम लगेगा. पीछे कौन बैठता है?”

“घरवाली.”

“वजन?”

काका थांबले नाहीत. “अडसठ.”

स्वरालीने त्यांच्याकडे पाहिलं. काकू आजारी नव्हत्या तेव्हाही अडुसष्ट किलोच्या नव्हत्या. काकांना ते नजरेतून कळलं असावं. त्यांनी मराठीत समजावलं, “लिफ्टमंदी एक मानूस अडुसष्टच धरतात. सहा मानसं, चारशे आठ. तेरा मानसं, आठशे चौऱ्याऐंशी. मानूस कितीचाही असो. जास्तीचं धरलं तर कदीच धोका नाई. कमी धरलं तर गेला.”

स्वरालीला ते पटलं. इतकी वर्षं ज्याच्या हिशोबावर लोक वरखाली करत होते, त्याला ती काय शिकवणार होती.

गुरमेल सिंगांनी घट्ट फोमची लादी काढली, करवतीने कापली, तासली, उतार काढून टाकला, मधला भाग किंचित खोलगट केला. संध्याकाळी सातपर्यंत काळं रेक्झिन चढवून सीट गाडीवर बसली. काकांनी स्वरालीला मागे घेऊन दक्षिण मार्गावर दोन फेऱ्या मारल्या. प्रत्येक स्पीडब्रेकरला मान वळवून विचारलं, “टोचलं?”

“नाही काका.”

“आता?”

“नाही हो. मस्त आहे. एकदम मस्त.”

घरी येईपर्यंत काका सिग्नलचे आकडे मोजायला विसरले होते.

सोमवारी काकू नव्या सीटवर बसून गेल्या. संध्याकाळी स्वरालीने विचारलं तर म्हणाल्या, “चांगली हाय. लय मेहनत घेतली तुम्ही दोघांनी.” मंगळवारीही तेच म्हणाल्या. बुधवारी सकाळी काका गाडी पुसायला खाली गेले होते. स्वराली भाजी द्यायला आली. काकू जमिनीवर गुडघे टेकून, पलंगाच्या कडेवर कोपर ठेवून ओणव्या होत्या. त्या तशाच चहा पीत होत्या.

“काकू?”

“ये. मी अशीच बसते हल्ली. बसत नाई, म्हन.”

“पण सीट तर…”

“लाकडावर बसल्यासारखं लागते गं पोरी.” त्यांनी कप खाली ठेवला. “जुनी निदान दबत होती. हे नवी दबतच नाई. काल येताना मी अर्ध्या रस्त्यात पायावर जोर देऊन उभी होती. त्यायले समजलं नाई. त्यायले वाटलं खड्डे चुकवाले मी मदत करून राह्यली.”

“मग सांगितलं का नाही तुम्ही?”

“दोन दिवस थे शिटी वाजवत जिना चढत होते. बावीस वर्षांत मी त्यायची शिटी ऐकली नव्हती.”

काका वर आले. हातात फडकं. काकू पलंगाला धरून उभ्या राहिल्या.

“आज नाई येत मी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एक शब्द बोलनार नव्हते.”

काका बोलले नाहीत. ते खाली गेले. स्वराली त्यांच्या मागे जिना उतरली. गाडीजवळ उभी राहून तिने त्यांना सगळं सांगितलं. लाकूड, पायावर जोर, ओणवं बसणं. शिटीचं सांगितलं नाही.

“तुले तं मस्त वाटली होती,” काका म्हणाले.

त्यात राग नव्हता. तरी ते वाक्य स्वरालीला दिवसभर पुरलं. ‘मस्त’ हा शब्द तिने दोन वेळा, खात्रीने, काहीही माहीत नसताना उच्चारला होता.

काकांनी रुग्णालयात फोन केला. आजचा एक चुकेल, तो शेवटी जोडू, पण उद्या चुकवू नका, असं तिकडून सांगितलं. स्वरालीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी दोघं गुरमेल सिंगांकडे गेले.

गुरमेल सिंगांनी सीटवर तळवा दाबला. मग कोपर दाबलं.

“ठीक तो है,” ते म्हणाले. “अडसठ किलो की सवारी बैठेगी तो दबेगी. भैणजी का वजन अडसठ ही है ना?”

काका रेक्झिनवर अंगठा दाबून पाहू लागले.

“अंकलजी,” स्वराली गुरमेल सिंगांना म्हणाली, “वो बीमार हैं. बत्तीस सेक्टर जाती हैं. रोज.”

गुरमेल सिंगांनी चष्मा काढला. “ओ, पहले बोलना था, पुत्तर. बीमार बंदे का मांस उतर जाता है. हड्डी पे बैठता है वो. अडसठ का फोम उसके लिए पत्थर है, पत्थर.” मग काकांकडे वळून, जरा हळू, “पाजी, असली वजन बताओ. आज का.”

काकांच्या खिशात रुग्णालयाचं कार्ड होतं. रोज तेच खिडकीत दाखवत, तेच परत घेत. त्यांनी ते काढलं. प्रत्येक खेपेची तारीख आणि सही असलेले रकाने त्यांना पाठ होते. उजवीकडे, दर सोमवारी भरलेला एक अरुंद रकाना होता. तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि बोट खाली सरकवत नेलं.

सत्तेचाळीस. पंचेचाळीस. चव्वेचाळीस. बेचाळीस.

त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. लिफ्टमधली पाटी वाचावी तसं, ओठ हलवत. स्वराली बाजूलाच होती. तिलाही तो रकाना पहिल्यांदाच दिसत होता. त्याच घरात ती रोज जेवत होती. काकूंनी ओढणी अंगाभोवती दोनदा गुंडाळायला कधी सुरुवात केली, बांगड्या काढून डब्यात कधी ठेवल्या, हे तिने पाहिलं होतं. बेरीज केली नव्हती.

काका फुटपाथच्या कडेला बसले. तिथे हलवून पाहण्यासारखं काही नव्हतं. सरळ बसले.

“लग्नात साठ होती,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. “हे माह्या मागं बसते रोज. मले गाडीवरून समजाले पाह्यजे होतं. चढावर गाडी हलकी चालून राह्यली होती. मले वाटलं, सर्व्हिसिंग चांगली झाली.”

शेजारच्या गाड्यावर छोले-कुलचेवाला परातीवर उलथनं आपटत होता.

गुरमेल सिंगांनी मध्येच खाकरून सांगितलं की काम होईल. खाली मध्यम फोम, वर चार बोटं मऊ, माकडहाडाच्या जागी मोकळी पोकळी. पण मापाला माणूस हवा. स्वराली पुढे झाली.

“तू नाई चालत,” काका म्हणाले. “तू किती?”

“छप्पन.”

“चौदा जास्त. तू बसशील तं तळाले टेकशील आनि सांगशील खराब हाय.”

ते उठले. पलीकडच्या किराण्याच्या दुकानात गेले. दहा-दहा किलो आट्याच्या चार पिशव्या आणि दोन किलो मीठ दोन खेपांत खांद्यावर घेऊन आले. नवी लिफ्ट लावली की माणसं सोडण्याआधी तिच्यात लोखंडी वजनं ठेवून पाहतात. तशाच मन लावून त्यांनी पिशव्या सीटच्या मागच्या भागावर रचल्या, दोरीने बांधल्या, वर मिठाचे पुडे ठेवले.

“पाजी, सीट बनवानी है कि लंगर लगाना है?” गुरमेल सिंग म्हणाले. मग स्वतःच डोकं खाजवलं. “पर आटा तो फैल के बैठता है. हड्डी नहीं फैलती.”

काकांनी थोडा विचार केला. छोलेवाल्याकडून दोन स्टीलच्या वाट्या आणल्या आणि पिशव्यांखाली, वीतभर अंतराने, पालथ्या ठेवल्या. दोन हाडं. छोलेवाला परात सोडून बघायला आला. आणखी दोन-तीन जण जमले. कुणी हसलं नाही, कारण काका हसण्यासारखे दिसत नव्हते.

मग दोन तास तेच चाललं. वजन चढवायचं, दहा मिनिटं थांबायचं, लांब सुई खुपसून खाली फोम किती उरला ते बघायचं, वजन उतरवायचं, तासायचं, पुन्हा चढवायचं. दर वेळी बेचाळीस किलो. पाचव्या वेळी काकांना पिशवी एका दमात उचलवेना. स्वरालीने एक पिशवी उचलायला घेतली तर त्यांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. सहाव्या वेळी सुईवर दीड बोट फोम उरला. वाट्या निम्म्याच रुतल्या होत्या.

“बस,” गुरमेल सिंग म्हणाले. “इसी पे छोड़ो. अब कवर. आकार बदल गया, नया काटना पड़ेगा. कल दोपहर ले जाना.”

“कल सुबह आठ बजे जाना है.”

“बिना कवर? नंगा फोम?”

“हां जी.”

गुरमेल सिंगांनी वाद घातला नाही. त्यांनी रेक्झिनचा गुंडाळा उलगडला, सीटवर ठेवून खडूने आकार काढला आणि कापून ठेवला. “चंगा. कपड़ा तैयार है. जब टाइम मिले, ले आना. दो घंटे की सिलाई.” फोम पायाला चिकटवून दिला. वरून काकांनी स्वरालीची शाल घातली आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळली. आटा घरी न्यायला दोन फेऱ्या कराव्या लागल्या.

गुरुवारी सकाळी काकू खाली आल्या. गाडीकडे बघत उभ्या राहिल्या.

“हे काय, गादी बांधली का?”

“बसून पाह्य.”

“लोक पाहतीन.”

“पाहू दे ना.”

काकू चढल्या. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने टेकून पाहिलं. काकांच्या खांद्यावर हात ठेवून डोळे मिटले. काका वाट पाहत होते. स्वराली जिन्यात उभी होती. या वेळी तिने विचारलं नाही.

“गाडी काऊन सुरू करत नाई?” काकू म्हणाल्या.

संध्याकाळी स्वराली आली तेव्हा त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. बसल्या होत्या. चांगली आहे, वाईट आहे, काहीच म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की त्रेचाळीस सेक्टरच्या बसस्टँडजवळ एका पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, ही काय सीट आहे, आणि काका त्याला फोम समजावून सांगायला लागले, तेव्हा त्याने हात जोडून जायला सांगितलं.

शुक्रवार झाला. पुढचा सगळा आठवडा झाला. सोमवारी शेवटची खेप होती, पंचविसावी. परत येताना काकूंना जिना चढवेना, काकांनी त्यांना लिफ्टमधून आणलं. पत्र्याला पंजा टेकवला नाही. दोन्ही हात गुंतलेले होते. घरी आल्यावर काकांनी बूट काढले आणि भिंतीशी बसल्या बसल्या झोपले. काकूंनी स्वरालीला खुणेनं सांगितलं, उठवू नको.

आता डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी तपासू, मग बोलू. काकू घरी आहेत. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. अक्षराला व्हिडिओवर भाजी निवडून दाखवतात. भूक येते, जाते. तो आटा तीन घरांत वाटला गेला. दोन पिशव्या काकूंकडे राहिल्या. स्वरालीकडे एक पिशवी आली, एक तिने कोचिंग क्लासच्या चौकीदाराला दिली. काकांनी वजनाचा काटा आणला आहे. तो बाथरूमच्या दाराशी असतो. दर सोमवारी काकू त्याच्यावर उभ्या राहतात, काका वाकून बघतात आणि आकडा कॅलेंडरवर लिहितात. बेचाळीस. बेचाळीस. साडेबेचाळीस. एकदा पुन्हा बेचाळीस. मग त्रेचाळीसला जरा कमी.

गुरमेल सिंग मधून मधून फोन करतात. परवा स्वराली तिथेच होती. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण हातात पाना होता.

“पाजी, कपड़ा कटा पड़ा है. धूल खा रहा है. ले आओ, दो घंटे में सी दूंगा.”

“अभी नहीं, उस्ताद.”

“क्यों जी? दब गई क्या सीट?”

“सीट ठीक है. वजन बढ़ रहा है उसका. पचास होगा तो ये फोम नरम पड़ जाएगा. फिर से काटना पड़ेगा. एक बार सिल दिया तो…”

“तो खोल लेंगे, यार. सिलाई है, वेल्डिंग थोड़ी है.”

काकांनी पाना खाली ठेवला. कॅलेंडरकडे पाहिलं.

“थोड़ा रुको,” ते म्हणाले.

काकू गॅलरीतून म्हणाल्या, “अवो, शिवून टाका ना. शाल तरी परत करा त्या पोरीची.”

“थांब गं,” काका म्हणाले, आणि पुन्हा पाना उचलला.

गाडी खाली उभी असते. मागे शाल, वर पट्ट्या, त्यावर प्लास्टिकची पिशवी ओढलेली. शिलाई राहिली आहे.